अमेरिकन फुटबॉलची लाइन बघायला शिकवणारा क्लास : सहा शनिवार, ९० डॉलर

आधी हिशेब. सहा शनिवार, दर वेळी दोन तास, फी ९० डॉलर, कॉफी ज्याची त्याने आणायची. जागा म्हणजे सिनसिनाटीच्या उत्तरेकडच्या एका उपनगरातल्या कम्युनिटी सेंटरची मागची खोली. एरवी तिथे लहान मुलांचा कराटे चालतो, त्यामुळे भिंतीवर सगळीकडे उड्या मारणारी मुलं रंगवलेली. खुर्च्या लोखंडी, घडीच्या. दुसरा तास सुरू झाला की कंबर आपणहून बोलायला लागते. शिकवणारे कोच सत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर हायस्कूलच्या लाइनमनना घडवून निवृत्त झालेले. उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी. त्याच बोटांनी ते दाखवतात, त्यामुळे पहिल्या दिवशी ते नक्की कोणाकडे बोट दाखवतायत हेच कळत नव्हतं. आम्ही अकरा विद्यार्थी होतो. बायका दोनच, आणि मराठी अर्थातच मी एकटी.

अमेरिकन फुटबॉलशी माझं नातं मुलामुळे. तो हायस्कूलच्या टीममध्ये लेफ्ट गार्ड आहे. खात्यापित्या घरचा दिसतो म्हणून नववीतच कोचने त्याला लाइनमध्ये उभा केला. तीन वर्षं मी दर शुक्रवारी रात्री स्टँडमध्ये बसते आणि तीन वर्षं मी बॉल बघते. माझ्या मुलाकडे बॉल कधीच नसतो. म्हणजे मुलाची मॅच बघायला जाऊन मी नेमकं मुलालाच बघत नव्हते.

तरी नाव घातलं ते जाहिरातीतल्या एका ओळीमुळे. ‘तुमच्या पाचातले तीन जण जखमी आहेत. रविवारी मॅच आहे. काय कराल?’ मी हॉस्पिटलात नर्सेसच्या ड्यूट्या लावते. पहाटे पाचला फोन वाजतो, कोणाचं तरी मूल आजारी असतं, कोणाची गाडी बर्फात अडकलेली असते. हा प्रश्न माझ्या रोजच्या जेवणातला होता.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑफेन्सच्या, म्हणजे बॉल ज्यांच्याकडे असतो त्या बाजूच्या, अकरा जणांपैकी पाच जण बॉलच्या दोन्ही बाजूंना भिंतीसारखे उभे राहतात. मधला सेंटर, त्याच्या दोन्हीकडे गार्ड, टोकांना टॅकल. मागे क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा. समोरचे धावून येतात आणि या पाचांनी त्यांना दोन-तीन सेकंद थोपवायचं. यांना सहसा कोणी ओळखत नाही. फार तर होल्डिंगची पेनल्टी झाली, दहा यार्ड मागे गेलो, की माइकवरून नंबर पुकारला जातो.

पहिल्या दोन क्लासमध्ये कोचनी एकही व्हिडिओ लावला नाही. खुर्च्या बाजूला सारून आम्हालाच उभं केलं. मी लेफ्ट गार्ड (मीच मागून घेतलं), माझ्या डावीकडे लेफ्ट टॅकल म्हणून एक निवृत्त पोस्टमन. आमच्यासमोर दोघं जण, मागे क्वार्टरबॅकच्या जागी एक रिकामी खुर्ची. कोच म्हणाले, सावकाश चालत करा, कोणी कोणाला ढकलायचं नाही. माझ्या समोरचा माणूस माझ्याकडे न येता तिरका बाहेर, पोस्टमनच्या अंगावर गेला. मी त्याच्यामागे गेले. तेवढ्यात पोस्टमनच्या समोरचा माणूस त्याला वळसा घालून आत आला आणि मी सोडलेल्या जागेतून आरामात चालत जाऊन खुर्चीवर हात ठेवून उभा राहिला. याला स्टंट म्हणतात. दोघांनी जागा अदलाबदल करायची आणि आपण दोघं एकाच माणसाच्या मागे लागायचं, बस एवढंच. धावपळ नाही, ताकद नाही, तरी खुर्ची गेली.

दुसऱ्यांदाही गेली. तिसऱ्यांदा पोस्टमनने माझ्या कोपराला बोटाने टोचलं, म्हणजे ‘हा माझा, तू थांब’. मी थांबले, वळसा घालून येणारा सरळ माझ्या पुढ्यात आला. खुर्ची वाचली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग कोचनी पोस्टमनला बसवलं आणि त्याच्या जागी कॉलेजातला एक पोरगा आणला, वजन उचलणारा, खांदे दाराएवढे. खुर्ची पुन्हा गेली. पोरगा पोस्टमनच्या दुप्पट ताकदीचा होता, पण त्याला माझा कोपर माहीत नव्हता.

माझ्या लेखी निम्मी फी तिथेच वसूल झाली. एक माणूस जखमी झाला की एक जागा रिकामी होते असं आपण धरतो. प्रत्यक्षात शेजारच्याचंही अर्धं काम मोडतं. म्हणूनच चांगल्या गार्डला उचलून टॅकलला उभं करायचं आणि गार्डच्या जागी बदली माणूस घालायचा, या युक्तीवर कोच फार चिडतात. एका भोकासाठी दोन भोकं, असं त्यांचं म्हणणं. आणि डावीकडचा माणूस उजवीकडे नेला की त्याचा पुढचा पाय बदलतो, पहिला हात बदलतो. त्यांनी आम्हाला डाव्या हाताने सही करायला लावली. माझी सही बघून बँकेने खातं गोठवलं असतं.

याच दिवशी एक झेरॉक्स कागद वाटला, तो मी ऑफिसात टेबलाच्या काचेखाली ठेवलाय. त्यात नियम आहेत. एनएफएल या व्यावसायिक लीगच्या टीममध्ये ५३ खेळाडू असतात, पण मॅचच्या दिवशी सगळ्यांना उतरवता येत नाही. २०२० पासूनचा नियम असा, की ४८ जण उतरवायचे असतील तर त्यातले निदान आठ ऑफेन्सिव्ह लाइनमन हवेत, नाहीतर ४७ वर थांबा. म्हणजे लीगने लाइनच्या राखीव माणसासाठी एक जागा जवळजवळ बक्षीस म्हणून ठेवली आहे. ड्यूट्या लावणाऱ्या बाईला हा नियम वाचून भरून येणार नाही तर काय! दुसरा मुद्दा सरावाचा. २०११ च्या करारापासून सीझनभरात पूर्ण पॅड घालून फक्त १४ सराव करता येतात. ते बहुतेक मूळच्या पाचांच्या वाट्याला जातात. बदली माणूस खरी टक्कर पहिल्यांदा अनुभवतो ती थेट मॅचमध्ये, टीव्हीसमोर.

तिसऱ्या शनिवारी स्क्रीन खाली आली आणि खोलीत एकदम जीव आला, कारण मॅच सिनसिनाटीच्या टीमची, बेंगल्सची होती. २२ जानेवारी २०२३, बफेलोजवळ ऑर्चर्ड पार्क, बर्फ पडतोय. सिनसिनाटीची लाइन तीन-चार आठवड्यांत खिळखिळी झालेली. राइट टॅकल ला-एल कॉलिन्सचा गुडघा नाताळच्या आदल्या दिवशी गेला, राइट गार्ड अ‍ॅलेक्स कॅपाचा घोटा नियमित सीझनच्या शेवटच्या मॅचमध्ये, लेफ्ट टॅकल जोना विल्यम्सचा गुडघा त्याच्या पुढच्याच आठवड्यात. त्यांच्या जागी हकीम अडेनिजी, मॅक्स शार्पिंग आणि जॅक्सन कारमन. मूळचे उरले दोघं, सेंटर टेड कॅरस आणि त्या वर्षीच आलेला कॉर्डेल वोल्सन. शहरातल्या प्रत्येकाने त्या दिवशी क्वार्टरबॅक जो बरोच्या बरगड्यांसाठी देव पाण्यात ठेवले होते.

आणि बेंगल्स २७-१० ने जिंकले. बरोला एकदाच पाडता आलं. जो मिक्सनने १०५ यार्ड पळून काढले, टीमने मिळून १७२.

कोचनी आम्हाला बॉलकडे बघायला बंदी घातली. आम्ही मोठ्याने सेकंद मोजायचे, ‘वन मिसिसिपी, टू मिसिसिपी’. अकरा मोठी माणसं कराटेच्या खोलीत ओरडतायत. ‘थ्री’ म्हणायची वेळ क्वचितच आली, बॉल त्याआधीच हातातून सुटलेला असायचा. मग पुन्हा तोच प्ले, आता फक्त कारमनच्या बाजूला बघा. कधी टाइट एंड (हा अडवतोही आणि पासही घेतो) त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा. कधी रनिंग बॅक, एरवी बॉल घेऊन पळणारा, पास घ्यायला निघताना जाता जाता समोरच्याला खांदा देऊन जातो. त्याने फार काही होत नाही, समोरच्याचं अर्धं पाऊल चुकतं. पण अर्ध्या पावलाचीच तर गोष्ट असते. आणि धावायचे प्ले जास्त. त्याचं कारण कोचनी फार छान सांगितलं. पास वाचवताना लाइनमन मागे सरकत, समोरचा काय करेल याची वाट बघत असतो. रन करताना तो स्वतः पुढे जातो, हल्ला त्याचा असतो. नवख्या माणसाला वाट बघायला लावू नका, पुढे जायला सांगा. बर्फाचाही फायदा त्यालाच. आपण कुठे जाणार हे त्याला आधीच माहीत असतं, घसरतो तो समोरचा.

इथे माझं आणि कोचचं थोडं वाजलं. ते सगळं श्रेय प्ले लावणाऱ्यांना देत होते. मी म्हटलं, क्वार्टरबॅकवर धावून जाणारा बफेलोचा व्हॉन मिलर कुठे होता? तो नोव्हेंबरातच गुडघा फाटून घरी बसला होता. समोरच्या वॉर्डातही स्टाफ कमी होता हे सांगायला नको का? कोच हसले, म्हणाले बरोबर आहे, आणि लगेच पुढचा प्ले लावला. म्हणजे पटलं नव्हतं.

चौथा शनिवार वाया. कोचचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. हे आयोजकांना तीन आठवडे आधी माहीत होतं, तरी त्यांनी एका शाळेतल्या तरुण क्वार्टरबॅक कोचला उभं केलं आणि त्याच्या हातात कोचची टिपणं दिली. टिपणात नुसतं ‘कोपर!’, ‘खुर्ची ३ वेळा’ असं लिहिलेलं. बिचाऱ्याने ते वाचून दाखवलं. पोस्टमनने विचारलं, सेंटर कोणाच्या बाजूला सरकणार हे ठरवतं कोण? उत्तर आलं, ‘ते टीमवर अवलंबून असतं.’ मुलगा वाईट नव्हता हो. त्याला त्याच्या विषयावर बोलू दिलं असतं, क्वार्टरबॅकला तुटक्या लाइनमागे उभं राहताना काय दिसतं हे सांगू दिलं असतं, तर आम्ही कान देऊन ऐकलं असतं. मी आयोजकांना मेल केली, एका क्लासचे १५ डॉलर परत द्या. उत्तर आलं की क्लास ‘झालेला आहे’. वर नोंदणीच्या वेळी कार्डातून फी दोनदा कापली गेली होती, ती परत यायला पाच आठवडे आणि चार फोन लागले.

पाचव्या शनिवारी कोच काळा चष्मा लावून हजर. त्या दिवशी सुपर बोल ५५, म्हणजे एनएफएलची फायनल, ७ फेब्रुवारी २०२१, टॅम्पा. कॅन्सस सिटीचे दोन्ही टॅकल गायब. मिचेल श्वार्ट्झ पाठीने बेजार, आणि एरिक फिशरचा अकिलीस (टाचेमागची शीर) दोनच आठवड्यांपूर्वी तुटलेला. लेफ्ट टॅकलला माइक रेमर्स, उजवीकडे अँड्र्यू वायली. शिवाय गार्ड लोरां डुव्हर्ने-टार्डिफ त्या वर्षी खेळलाच नाही. तो डॉक्टर आहे, कोविडच्या काळात क्विबेकमधल्या वृद्धांच्या केंद्रात कामाला गेला. खोलीतल्या कोणाला त्याचं विशेष वाटलं नाही, मला मात्र तो खेळाडू तेव्हापासून जवळचा वाटतो. आमच्या वॉर्डात त्या वर्षी कोण कोण आलं आणि कोण आलं नाही, हे मला पाठ आहे.

समोर टॅम्पा बेची टीम, तीच ३१-९ ने जिंकली. कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सवर २९ वेळा दबाव आला, सुपर बोलमधला तो विक्रम होता. स्नॅप, म्हणजे सेंटरकडून मागे दिलेला बॉल, मिळाल्यापासून बॉल सुटेपर्यंत किंवा पाडला जाईपर्यंत तो बिचारा एकूण ४९७ यार्ड इकडून तिकडे पळाला. जवळजवळ पाच मैदानं, आणि त्याचे गुण शून्य.

मला वाटलं होतं टॅम्पाने सगळी फौज अंगावर सोडली असेल. उलट. बहुतेक वेळा चारच जण धावून आले, बाकी सात मागे पासच्या वाटा अडवत राहिले. कोचनी फळ्यावर साधा हिशेब मांडला. पाच जण चौघांना अडवतायत, म्हणजे एक माणूस जास्तीचा. तो जास्तीचा माणूस कुठे द्यायचा हाच सगळा खेळ. एक टॅकल कच्चा असेल तर सेंटरसकट सगळे त्या बाजूला सरकतात, दुसऱ्या टोकाचा पक्का टॅकल एकटा सांभाळतो. दोन्ही टोकं कच्ची असली तर पांघरूण कुठेही ओढा, पाय उघडेच. मग टाइट एंड, रनिंग बॅक मदतीला ठेवावे लागतात, म्हणजे पास घ्यायला माणसं कमी, आणि मागे सात जण टपलेले. समोरच्याला चौघांत काम होतंय म्हटल्यावर ही कोंडी सुटत नाही.

तरी कोचचं मत असं की कॅन्सस सिटीने मदत कमी आणि उशिरा दिली, नेहमीचाच खेळ खेळत राहिले. मला याहून महत्त्वाचा वाटतो तो स्कोअर. हाफटाइमलाच २१-६. बफेलोत बेंगल्स सुरुवातीलाच १४-० पुढे होते, त्यांना पळायला, वेळ काढायला मोकळीक होती. मागे पडलेल्याला ती नसते. लांबचे पास टाकावे लागतात, लांबच्या पासला वेळ लागतो, आणि वेळ तर या लाइनकडे नाहीच. टाइट एंड, खांदा, झटपट पास, ही सगळी औषधं आजार वाढायच्या आत घ्यायची आहेत. कोचच्या शिकवण्यात ही बाजू लंगडी पडते. त्यांच्या फळ्यावर स्कोअर कधी लिहिलेलाच नसतो.

पुढच्या सीझनच्या पहिल्या मॅचला कॅन्सस सिटीने पाचही जागांवर नवी माणसं उतरवली. हे कोचनी जाता जाता सांगितलं आणि दिवे लावले.

शेवटचा क्लास माझ्या मते सगळ्यात चांगला, आणि सिनसिनाटीकरांना सगळ्यात कडू. २९ जानेवारी २०२३, कॅन्सस सिटीचं स्टेडियम अ‍ॅरोहेड. बफेलोच्या विजयानंतर बरोबर एक आठवडा. तेच तीन बदली खेळाडू, तोच क्वार्टरबॅक. या वेळी बरोला पाच वेळा पाडलं आणि मॅच २३-२० ने गेली. फरक कुठे पडला? एक तर समोर कॅन्सस सिटीचा डिफेन्समधला क्रिस जोन्स. दुसरं म्हणजे आवाज. २०१४ साली याच स्टेडियममध्ये १४२.२ डेसिबलचा गिनीज विक्रम झाला होता. इतक्या गोंगाटात क्वार्टरबॅकची हाक ऐकू येत नाही, म्हणून स्नॅप कधी होणार ते खुणेने ठरवतात. टॅकल टोकाला उभा, मान वळवून बॉलकडे बघत. समोरचा त्याच क्षणी बॉलबरोबर निघतो आणि याचं पहिलं पाऊल उशिरा पडतं. कोचनी पंखा, प्रोजेक्टर आणि कोणाच्या तरी फोनवर गर्दीचा आवाज असं सगळं एकदम चालू करून आम्हाला पुन्हा उभं केलं. मी आणि पोस्टमन, जुने शेजारी. त्याने कोपराला टोचलं, मला कळलं. पलीकडे नवीन जोडी होती, त्यांची खुर्ची गेली.

शेवटच्या मिनिटात थर्ड डाउनला, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नात, जोन्सने बरोला पाडलं तो प्ले कोचनी चार वेळा दाखवला. चौथ्या वेळी कोणीतरी मागून म्हणालं, ‘पुरे आता.’

तर पाचपैकी चार स्टार. एक कापला तो खुर्च्या, चौथा शनिवार आणि पैशांचा घोळ मिळून. फँटसी लीगचे पॉइंट वाढवायला जाणार असाल तर ९० डॉलर वाचवा, इथे रिसीव्हरचं नावसुद्धा निघत नाही. खेळ अगदीच नवा असेल तर आधी घरी चार-पाच मॅच बघून जा, कोच पहिल्यापासून समजावत बसत नाहीत. मूल लाइनमध्ये खेळत असेल तर मात्र जाच. डाव्या हाताला बसा, उजवीकडून प्रोजेक्टरचा उजेड डोळ्यांवर येतो. आणि उशी न्या.

कोचनी गृहपाठ दिला होता. एक पूर्ण मॅच फक्त एका लाइनमनकडे बघायची. मी पुढच्याच शुक्रवारी केला. दुसऱ्या क्वार्टरमध्ये आमचा लेफ्ट टॅकल लंगडत बाहेर गेला आणि दहावीतला एक काटकुळा मुलगा आत आला, हेल्मेट डोक्यावर नीट बसत नव्हतं. पहिल्या प्लेला क्वार्टरबॅक आडवा. त्यानंतर टाइट एंड डावीकडे आला. मी ‘वन मिसिसिपी’ मोजायला लागले तेव्हा नवऱ्याने माझ्याकडे काळजीने बघितलं. प्रत्येक स्नॅपच्या आधी माझा मुलगा त्या पोराकडे झुकून काहीतरी बोलत होता. तीन वर्षांत हे मी कधी पाहिलं नव्हतं.

घरी येताना गाडीत विचारलं, काय सांगत होतास रे त्याला?

‘काही नाही गं आई. आत आला तर माझा, बाहेर गेला तर तुझा.’ मग फ्राइज तोंडात कोंबत म्हणाला, ‘आणि एकदा बुटाची नाडी बांध म्हटलं.’